पुणतांब्याची लवंगबंदी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. श्रीरामपुरात हा किस्सा सांगायची मला गरजच पडत नाही, तिथे तो लोकांना माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. शिवाय सांगताना प्रत्येक जण त्यात स्वतःच्या पदरचं घालतो. म्हणून म्हटलं, मूळ गाढवपणा जिने केला तिच्याच तोंडून ऐका.

एक मात्र आधीच बजावते. यात मी चुकले, सपशेल चुकले. पण ज्या गोष्टीवरून भांडले, ती गोष्ट बरोबर होती. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. हसायचं तर हे मान्य करून हसा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रीरामपुरात स्टेशनाजवळ माझा दातांचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. आमच्याकडे स्टेशनाच्या पाटीवर नाव बेलापूर, गाव श्रीरामपूर, आणि खरं बेलापूर तिथून थोडं पुढे. मी त्या खऱ्या बेलापूरची. वडील, म्हणजे आमचे आप्पा, प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. घराण्यातली पहिली डॉक्टर मी. उद्घाटनाला आख्खी वस्ती टेम्पो करून आली, पेढे खाऊन गेली, आणि नंतर महिनाभर कुणी फिरकलं नाही. माणसं दाराबाहेर उभी राहायची आणि मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बाई दात काढती? एवढा जोर कुठनं आनती?"

दात काढायला जोर लागत नाही, हे मी दारात जाऊन सांगायची. मग ती माणसं मेन रोडवर कुलकर्णी सरांकडे जायची.

कुलकर्णी सर माझे गुरू. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. हात अतिशय सफाईदार आणि माणूस इतका सज्जन की कधी आवाजच चढवायचे नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी भांडायला फार त्रास व्हायचा. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून.

दात हिरडीलगत तुटला आणि खाली मूळ शाबूत असलं, तर त्या मुळात एक खुंटी बसवायची आणि खुंटीवर नवा दात उभा करायचा, अशी पद्धत असते. सर खुंटी बसवायचे धातूची. ओतीव, चकचकीत, खिळ्यासारखी. मी पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना फायबरच्या खुंट्यांची डबी घेऊन आले. पांढरट काडी, उदबत्तीच्या काडीएवढी. ही नुसती ठोकून बसवत नाहीत, चिकटवतात. मूळ आतून आम्लाने साफ करायचं, धुवायचं, कागदाच्या बारीक काड्यांनी टिपायचं, मग ब्रशने बाँडिंगचा थर, त्यावर निळ्या दिव्याचा उजेड, मग सिमेंट. सगळं घट्ट झालं की खुंटी आणि मूळ एकजीव.

"सर, धातू वाकत नाही. जोर आला की मूळ फुटतं," मी म्हटलं. "फायबर दाताबरोबर वाकतं."

सरांनी काडी चिमटीत धरून उजेडात पाहिली. "छान आहे. पण ही मुळात राहील कशी?"

"चिकटून."

"आपल्याकडे?"

त्या 'आपल्याकडे'ने माझं डोकं फिरलं. जे पुण्यात चिकटतं ते श्रीरामपुरात का चिकटू नये? मी म्हटलं, पहिला पेशंट मिळू दे, दाखवतेच.

पहिला पेशंट मिळाला तो पुणतांब्याचे शंकरराव बँडमास्तर.

मास्तर पॅसेंजरने आले, रुमाल तोंडाला लावून. पन्नाशीचा उंच, वाळका माणूस. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, तीस वर्षं झाली. आदल्या आठवड्यात एका वरातीत नवरदेवाच्या घोडीने मान उडवली, ती क्लॅरोनेटवर आदळली आणि क्लॅरोनेट मास्तरांच्या वरच्या समोरच्या दातावर. दात हिरडीपाशी साफ मोडला.

"क्लॅरोनेट ह्या दातावर टेकवून वाजवत्यात, बाई," मास्तर म्हणाले. बोलताना फटीतून वारा जात होता. "दात न्हाई तर सूर फाटतो. लग्नसराई तोंडावर हाय. आन् मला दुसरं काय येत न्हाई."

मी मूळ तपासलं. एकदम पक्कं. त्याची नस काढली, आत औषध भरलं, मुळाचं तोंड बंद केलं आणि आठवड्याने बोलावून फायबरची खुंटी चिकटवली. वर सुंदर दात बसवला. मास्तरांनी आरशात पाहिलं, जीभ फिरवली आणि एवढंच बोलले, "लई भारी."

नवव्या दिवशी ते परत आले. दात रुमालात होता, खुंटीसकट.

मला काय वाटलं असेल? चूक माझी असेल असं क्षणभरसुद्धा वाटलं नाही. मी निळ्या दिव्याकडे पाहिलं. आमच्याकडे व्होल्टेज कधी पुरेसं नसायचं. दिवा मंद पडला असणार, बाँडिंग कच्चं राहिलं असणार. मी स्टॅबिलायझर बसवला, मुळात पुन्हा औषधाचा बोळा भरून तोंड बंद केलं, चार दिवसांनी मास्तरांना बोलावलं आणि दुप्पट वेळ उजेड देऊन खुंटी पुन्हा चिकटवली.

या वेळी ती अकरा दिवस टिकली. मला ती प्रगती वाटली.

कुलकर्णी सरांच्या कानावर गेलंच. भाजीबाजारात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "सुजाता, अगं त्या माणसाची सराई चाललीय. धातूची बसवून टाक. मी ओतून देतो, नाव तुझंच राहील."

एवढ्या प्रेमाने कुणी बोललं की माणूस ऐकतो. मी म्हटलं, "सर, खुंटी फायबरचीच बसेल."

घरी येऊन शिबिराची वही काढली. दुसऱ्या दिवशीचं जेवणानंतरचं व्याख्यान मी अर्धवट झोपेत लिहिलं होतं. अक्षर उतरणीला लागलेलं. पण पानाच्या तळाशी दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: 'लवंग अजिबात नको. आधी विचारून घेणे.'

बघा, इथेच सगळं घडलं. त्या ओळीचा अर्थ मला लख्ख कळला, असं मला वाटलं. लवंग अजिबात नको, म्हणजे पेशंटने लवंग खायची नाही. आधी विचारून घेणे, म्हणजे पेशंटला विचारायचं. मी विचारलंच नव्हतं.

मास्तर खुर्चीत बसायच्या आधी मी दारातच विचारलं, "मास्तर, तुम्ही लवंग खाता?"

"खातो की. पानात खातो, कालवनात खातो. घसा साफ ऱ्हातो."

"बंद. आजपासून एक लवंग तोंडात जाता कामा नये. तिचा अंश पुरता निघून गेला की मगच खुंटी बसवेन."

"मसाल्यात पन?"

"मसाल्यात पण."

मास्तर घरी गेले आणि बायकोला, कौसाबाईंना सांगितलं. कौसाबाईंनी वर्षाचा काळा मसाला नुकताच करून बरणीत भरलेला होता. ती बरणी त्यांनी जावेला देऊन टाकली आणि बिनलवंगेचा नवा कुटला. शेजारणींनी विचारलं, कशाला? डाक्टरीनबाईंनी सांगितलंय, लवंगेनं दात पडत्यात. मास्तरांच्या बँडमधल्या सगळ्या माणसांनी लवंग सोडली, कारण दात हे त्यांचंही हत्यार. मग त्यांच्या बायकांनी सोडली. पंधरा दिवसांत पुणतांब्याच्या पानपट्टीवर गिऱ्हाइकं 'बिगरलवंग' असं मागायला लागली.

आणि माझा दवाखाना चालायला लागला. खोटं नाही सांगत. गोदाकाठची माणसं पॅसेंजर भरून यायची, "बाई, लवंग सोडलीय, आता दात बघा," म्हणायची. दाराबाहेर उभं राहून जोराची चौकशी करणारं कुणी उरलं नाही.

एके दिवशी पुणतांब्याचे किराणा दुकानदार सोपानशेठ तावातावाने आले. "बाई, माझा आजा, पंजा, समदे दात दुखला की लवंग धरायचे. आन् तुमी म्हनता लवंगेनं दात पडतो?"

"जुन्या समजुती आहेत, शेठ."

"मग ह्ये तुमच्या दवाखान्यात लवंगेचा वास कसा येतोय?"

"हा औषधाचा वास आहे," मी म्हटलं. "सगळ्या दवाखान्यांत येतो."

शेठ आल्या पावली परत गेले. मला फार बरं वाटलं. विज्ञानाचा विजय वगैरे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, बेलापूरला, आमच्या दारातच. बँड कुणाचा लावायचा? मी घरात जाहीर केलं, पुणतांब्याचा, आणि क्लॅरोनेट शंकरराव मास्तर स्वतः वाजवणार. आप्पा म्हणाले, "अगं, त्यांचा दात?"

"लग्नाच्या दोन दिवस आधी बसवते. आणि कुलकर्णी सरांना पहिल्या रांगेत बसवते."

आप्पांनी चष्मा पुसला. शाळेत एखादं पोर चुकीचं उत्तर ठासून सांगायला लागलं की ते असाच पुसायचे.

तिसऱ्यांदा खुंटी चिकटवली. तोवर मुळात नेहमीप्रमाणे औषधाचा बोळा होताच, तो काढला आणि सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. लवंग आता दीड महिना बंद होती. नवा दात ओढून पाहिला, हलला नाही.

लग्नाच्या सकाळी आचारी विचारायला आला, "ताई, मसालेभातात लवंग घालू का न्हाई? मानसं म्हनत्यात तुमच्याकडं चालत न्हाई."

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "घालू नका."

तुम्ही कधी लवंगेशिवाय मसालेभात खाल्लाय? नका खाऊ.

आमच्याकडच्या लग्नात अक्षता नसतात, फुलं असतात. मांडवात सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत, नवरा-नवरी पांढऱ्यात, हातात मोगऱ्याच्या आणि शेवंतीच्या पांढऱ्या पाकळ्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं, गाथा संपली, फुलांचा वर्षाव झाला आणि मांडवाच्या तोंडाशी बँडने सूर धरला.

मास्तरांनी वाजवलं, आणि काय वाजवलं. दोन महिन्यांचं उपाशी क्लॅरोनेट होतं ते. पहिल्या रांगेत कुलकर्णी सर मान डोलवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे 'जिंकलीस' अशी. मास्तर वरच्या सुराला गेले, तिथे थांबले, डोळे मिटले, आणि सूर एकदम फाटला.

मास्तरांनी क्लॅरोनेट खाली घेतलं. तोंडावर हात. मग खाली पाहायला लागले. खाली सगळीकडे पांढऱ्या पाकळ्या. त्यात पांढरा दात.

नवरीच्या मावशीने पाय उचलला तेवढ्यात आप्पांनी माइक हातात घेतला. चाळीस वर्षांचा हेडमास्तरी आवाज. "मंडळी, जो जिथे आहे तिथेच थांबा. पाय हलवू नका. मास्तरांचा दात पडलाय."

मग सगळं लग्न गुडघ्यांवर आलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, सगळे पाकळ्या बाजूला सारतायत. नवरदेव, म्हणजे माझा भाऊ, हार सांभाळत बसल्या बसल्या शोधत होता. नवरीकडची माणसं एकमेकांना विचारत होती, ही यांच्याकडची रीत आहे का?

दात सापडला कुलकर्णी सरांना. त्यांनी तो रुमालाने पुसला, खुंटी निरखली आणि मग नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग माझ्याजवळ आले. आवाज नेहमीसारखाच खालचा.

"सुजाता, हे हुंग."

मी हुंगलं. दवाखान्याचा वास.

"नस काढल्यावर मुळात काय भरलंस?"

"नेहमीचंच, सर. पांढरी पूड तेलात कालवून."

"आणि खुंटी पडली की तात्पुरता बोळा?"

"तेच. तेलात कालवून."

"कसलं तेल असतं गं ते?"

ते लवंगेचं तेल असतं. शंभर वर्षं दाताचे डॉक्टर तेच वापरत आले, मीही वापरत होते. आणि ते तेल मुळाच्या भिंतीत मुरलं की त्यावर बाँडिंगचं सिमेंट कधी नीट घट्ट होत नाही. वहीतली ओळ पेशंटसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. 'आधी विचारून घेणे' म्हणजे मूळ आधी कुणी आणि कशाने भरलं ते विचारणे. भरलं होतं मी. एका माणसाला मी दीड महिना लवंग खाऊ दिली नाही आणि स्वतःच्या हाताने त्याच्या दातात दर वेळी लवंग भरत होते.

तुम्ही म्हणाल, शिकवलं नव्हतं का कॉलेजात? शिकवलं होतं. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलंय, इंग्रजी नावाने. पण ते परीक्षेतलं इंग्रजी नाव आणि माझ्या ट्रेमधली तपकिरी बाटली यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती.

"आता तरी धातूची बसव," सर म्हणाले.

मांडवात सगळ्यांच्या गुडघ्यांना पाकळ्या चिकटलेल्या होत्या. मला रडू येत होतं. तरी म्हटलं, "नाही, सर. फायबरचीच."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा. चूक खुंटीची नव्हती, माझी होती. मग खुंटी का बदलायची?"

सरांनी दात रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता पहिल्यांदा आवाज चढणार. पण ते म्हणाले, "मग आधी मुळाच्या भिंतीचा वरचा थर घासून काढ. स्पिरिटने धू. आणि ती बाटली दवाखान्याबाहेर ठेव, तुझा काही भरवसा नाही."

त्या दिवशी वरातीत मास्तरांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवलं आणि खुळखुळे हातात घेतले. तीस वर्षांचा क्लॅरोनेटवाला, लाल कोटात, बँडच्या पुढे खुळखुळे वाजवत चालला होता. मी वरातीत शेवटपर्यंत चालले. त्यांच्या शेजारून चालायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर पकडून पुणतांब्याला गेले. घरात शिरता शिरताच सांगून टाकलं, चूक माझी आहे, लवंगेचा काही दोष नाही. मास्तरांनी बसायला पाट सरकवला. कौसाबाई चुलीपुढे होत्या.

"म्हंजी आता घालू लवंग?"

"घाला."

"आख्खी?"

"हव्या तेवढ्या घाला."

"लिवून द्या," कौसाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव सांगून म्याच गावाला बंद करायला लावली. आता माझ्या तोंडाचं कोन ऐकनार?"

मग मी दवाखान्याच्या छापील कागदावर लिहून दिलं: 'लवंग खाण्यास हरकत नाही.' खाली सही आणि पदवी. तो कागद सोपानशेठनी दुकानात, लवंगेच्या बरणीवरच चिकटवला. एवढ्या ठळकपणे माझी पदवी आयुष्यात दुसरीकडे कुठे लागली नाही.

चौथ्यांदा खुंटी बसवली. भिंत घासली, स्पिरिटने धुतली, मग आम्ल, पाणी, बाँडिंग, निळा दिवा, सिमेंट. सर स्वतः येऊन मागे उभे राहिले होते. आठवडा गेला, पंधरवडा गेला, लग्नसराई संपली. मास्तरांनी उरलेल्या सगळ्या वराती वाजवल्या. दात जागेवर होता. सांगितलं होतं ना, फायबरबद्दल माझं काही चुकलं नव्हतं?

पुढे मास्तर दात दाखवायला आले तेव्हा क्लॅरोनेट सोबत घेऊनच आले होते. खुर्चीत बसूनच त्यांनी दोन ओळी वाजवल्या. बाहेर बसलेले पेशंट दुखणं विसरून दारात गोळा झाले. मी दात हलवून पाहिला. तसूभर हलला नाही.

मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, एक विचारू? तुम्हाला तुमच्याच दातात लवंगेची चव कधी आली नाही?"

"आली की. पहिल्याच दिवशी आली."

"पहिल्याच दिवशी? मग बोलला का नाहीत?"

"बोलनार कसं? तोंडात तुमचा हात हुता."

"आणि हात काढल्यावर?"

मास्तरांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली.

"मग तुमी बोलत हुता," ते म्हणाले.